गाण्याच्या रिॲलिटी शोला लेकराला पाठवण्याआधी हे वाचा

आम्ही परभणी जिल्ह्यातले, सेलूजवळच्या गावचे. आठ एकर रान, विहिरीला पाणी, कापूस-सोयाबीन. हे आधी सांगतो, कारण टीव्हीवर आमची जी दशा दाखवली ती आमची नव्हतीच.

पोरगी ११ वर्षांची, आजोबांजवळ बसून अभंग शिकलेली. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा गावात पेढे वाटले. देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. सेटवर इंग्रजी कराराची चळत पुढं ठेवली. "सगळेच सही करतात दादा, मागं लाईन आहे." केली सही. आवाज, चेहरा, घरची माहिती हवी तशी कापायची-जोडायची मुभा मी त्यात दिली होती, हे पुढं सेलूच्या वकिलांनी वाचून सांगितलं.

गाण्याबद्दल तिला फारसं कुणी विचारलंच नाही. एक ताई "आजोबा गेले तेव्हा घरी काय झालं?" हेच फिरवून फिरवून विचारत होत्या. मला दाराबाहेर थांबवलं होतं. पोरगी म्हणाली, "तेराव्याला पाहुणे एवढे आले, की आम्हाला खायला काही उरलंच नाही." तरी पुन्हा तोच प्रश्न. शेवटी ती रडली.

टीव्हीवर आलं फक्त "आम्हाला खायला काही उरलंच नाही" आणि ते रडणं. मागं कुणाचं तरी भेगाळलेलं रान, बासरी, डोळे पुसणारे परीक्षक. मुलाखतीच्या वेळी ते परीक्षक तिथं नव्हतेही. माझे वडील ८१व्या वर्षी म्हातारपणानं गेले, पण बघणाऱ्यांना वाटलं, कर्जापायी. आईला सोयऱ्यांचे फोन, "एवढं होतं तर कळवलं का नाही?" ती दोन दिवस जेवली नाही. शेजारच्या गावात खरोखर कर्जापायी माणसं गेलीत हो. त्यांच्या घरचं दुःख आमच्या नावावर विकलं, याची मला जास्त चीड आहे. पोरगी आता आजोबांचा अभंग म्हणतच नाही.

बालकामगार कायद्याचे २०१७चे नियम मला नंतर कळले. १४ वर्षांखालच्या मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मोबदल्याचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. आमचं लेकरू सकाळी ८ला आत गेलं, रात्री ११ला सुटलं.

म्हणून तो परवानगीचा कागद आधी मागा. करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, मागं कितीही लाईन असू द्या. आणि मुलाखतीला लेकराशेजारी बसू देत नसतील तर त्याचा हात धरा आणि परतीची गाडी पकडा.