झेनएअर सीएच ७०१ : दहा महिने आणि चौसष्ट तासांनंतर

माझं बडोद्याच्या मकरपुऱ्यात पत्र्याचं वर्कशॉप आहे. बावीस वर्षं पत्रा कापतो, वाकवतो, जोडतो. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर हे जुनं दोन आसनी विमान आम्ही तिघांनी भागीत घ्यायचं ठरवलं आणि पहिल्यांदा हँगरमध्ये गेलो, तेव्हा बाकीचे दोघे कॉकपिटमध्ये जाऊन बसले आणि मी पंखाखाली वाकून रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, रांग बघत राहिलो. वाकवलेली प्रत्येक कड सरळ. गोलाई जवळजवळ कुठेच नाही. म्हणजे एक कात्री, एक बेंडिंग मशीन आणि हातातला रिव्हेटर एवढ्यावर हे विमान माझ्या शेडमध्येसुद्धा उभं राहू शकलं असतं. नेहमीचा भरीव रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून ठोकणारा आणि एक आतून लोखंड टेकवणारा. इथे ओढून बसवायचे रिव्हेट आहेत, एका बाजूने एकटा माणूस काम करतो. पत्रा ६०६१-टी६ जातीचा ॲल्युमिनियम. दिसायला हे विमान ओबडधोबड आहे असं बरेच जण म्हणतात. मला ते पहिल्या दिवसापासून देखणं वाटतं, कारण ते कसं बनवलं हे सगळं बाहेरूनच वाचता येतं.

ज्यांनी हे बनवलं त्यांचं नाव क्रिस हाइन्ट्स. झुरिकच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठातून शिकलेले. फ्रान्समध्ये त्यांनी कॉन्कॉर्डवर काम केलं, मग पिएर रोबाँ यांच्या छोट्या विमानांच्या कंपनीत मुख्य अभियंता झाले. १९६९ मध्ये स्वतःसाठी एक धातूचं दोन आसनी विमान बांधलं आणि आपल्या आडनावाचीच रोमन अक्षरं फिरवून त्याला ‘झेनिथ’ नाव दिलं. १९७३ मध्ये ते कॅनडात गेले. तिथे डी हॅविलंड या विमान कंपनीत डॅश ७ या विमानाच्या मजबुतीची गणितं केली. ते पन्नासेक प्रवाशांचं विमान, पण आखूड धावपट्टीवरून उडणारं. १९७४ मध्ये त्यांनी झेनएअर काढली आणि १९८६ मध्ये सीएच ७०१ आलं. कॉन्कॉर्डसारख्या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानावर काम केलेला माणूस पुढे मुद्दाम हळू उडणारं विमान बनवतो, यात मला मोठा विचार दिसतो. शेतातून, माळावरून, जिथे धावपट्टी नाही तिथून साध्या माणसाला उडता यावं, हा त्यांचा हिशेब होता. आपल्याकडे एनसीसीच्या अनेक कॅडेट्सनी आकाश पहिल्यांदा पाहिलं ते याच विमानातून.

आता मुख्य गोष्ट, पंख. पंखाच्या पुढच्या कडेला एक अरुंद पट्टी कायमची बसवलेली आहे, मध्ये फट सोडून. तिला स्लॅट म्हणतात. बडोद्याच्या माणसाला हे समजावून सांगणं सोपं आहे. उत्तरायणाला वारा मंद असेल तर आपण किन्ना बदलून पतंग जास्त तिरपा धरतो. तिरपा केला की मंद वाऱ्यातही तो उचलतो, पण एका मर्यादेपुढे नेला की गटांगळी खातो. पंखाचंही तसंच आहे. साधा पंख वाऱ्याला साधारण पंधरा-सोळा अंशांपर्यंत तिरका धरता येतो. त्यापुढे वरच्या बाजूची हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि पंख उचलायचं थांबतो. स्लॅटच्या फटीतून खालची दाबाखालची हवा जोराने वर निघते आणि सुटू पाहणाऱ्या हवेला पुन्हा पंखाला चिकटवते. मग तोच पंख तीसेक अंशांपर्यंत काम देतो. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये हँडली पेज आणि जर्मनीत लाखमन यांनी ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वतंत्रपणे शोधली, आणि १९३६ च्या जर्मन ‘श्टॉर्ख’ विमानाने ती गाजवली. हाइन्ट्स यांनी ती हलक्या, घरी बांधता येणाऱ्या विमानात आणली आणि सरकती न ठेवता स्थिर ठेवली. हलणारा भाग नाही, म्हणजे बिघडणारा भाग नाही.

मागच्या कडेला, पंखाच्या थोडं खाली, दुसरी लांब पट्टी आहे. ती एकाच वेळी फ्लॅपचं (हळू उडताना जास्त उचल देणं) आणि एलेरॉनचं (विमान डावी-उजवीकडे कलवणं) काम करते. ही युंकर्स या जर्मन विमान कंपनीची पद्धत. त्यांच्या जुन्या विमानांचे फोटो पाहिलेत तर ओळखाल. पंखाच्या सावलीत नसल्यामुळे तिला स्वच्छ हवा मिळते आणि विमान अगदी हळू असतानाही ती हाताला दाद देते. शेपटीचा आडवा पंख पाहून आमच्या वर्कशॉपचा फिटर म्हणाला, ‘शेठ, हा उलटा बसवलाय.’ बरोबर ओळखलं त्याने. नाक इतकं वर धरायचं तर शेपटीला जोरात खाली दाबावं लागतं, म्हणून तिचा आकार उलटा. आणि उभ्या शेपटीला स्थिर भागच नाही, अख्खा रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग, फिरतो.

वापरात हे कसं वाटतं? आमच्या धावपट्टीवर मी चुन्याच्या रेघा मारून मोजलं. जानेवारीत सकाळी सातला, एकट्याने, अर्ध्या टाकीवर, चाकं ५५ मीटरच्या आसपास जमीन सोडतात. मे महिन्यात सकाळी दहाला, दोघं बसलेले असताना, तेच ९५ मीटरवर गेलं. गरम हवा विरळ होते. पंखालाही कमी मिळतं आणि इंजिनालाही. पहिल्यांदा उडालो तेव्हा मी मनात ‘आता वेग घेईल’ असं म्हणेपर्यंत आम्ही वर होतो. आमचे प्रशिक्षक हवाई दलातून निवृत्त झालेले. ते एवढंच म्हणाले, ‘काका, ते उडालंय. आता तुम्ही चालवा.’

मधोमध एकच दांडा आहे, वर त्याला दोन फांद्या. शिकताना ही मांडणी मला फार उपयोगी पडली. सरांचा हात दुसऱ्या फांदीवर असायचा, त्यामुळे त्यांनी केलेली बारीकशी दुरुस्तीसुद्धा माझ्या तळहाताला कळायची. पंख केबिनजवळ येताना निमुळता होत जातो, त्यामुळे वळताना वरून, वळणाच्या आतल्या बाजूचं दिसतं. उंच पंखाच्या विमानात हे सुख सहसा मिळत नाही. दारं बाहेर फुगीर आहेत, खांद्याला जागा होते. आवाज भरपूर, हेडसेट चांगलाच घ्या.

आता या रचनेची किंमत. स्लॅट, जाड पंख, खालची पट्टी, उघडे आधारदांडे, हे सगळं हवेला अडवतं. निवांत वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास, बस. समोरून तीस-पस्तीसचा वारा असला तर खालच्या हमरस्त्यावरच्या गाड्या आपल्या बरोबरीने चालतात. लांबच्या प्रवासासाठी हे विमान घेऊ नका. दुसरं, थ्रॉटल मागे घेतला, म्हणजे इंजिनाचा जोर कमी केला, की वेग लगेच गळतो, कारण विमान हलकं आणि अडथळा मोठा. इंजिन बंद पडलं तर आधी नाक खाली, मगच विचार. सरांनी हे माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतलं की हात आता आपोआप पुढे जातो. ‘हे पडतच नाही’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. तीस अंशांवर नाक धरून, इंजिनाच्या जोरावर, जमिनीपासून वीस मीटरवर लटकणं म्हणजे सगळा भार एका इंजिनावर टाकणं.

तिसरं, ऊन. पंखाचं क्षेत्रफळ सव्वाअकरा चौरस मीटर आणि विमान एवढं हलकं, म्हणून मही नदीच्या घळींवरून उठणारा गरम हवेचा प्रत्येक झोत अंगावर येतो. एप्रिल-मेमध्ये आम्ही साडेनऊच्या आत विमान बांधून ठेवायचो. काही जण स्लॅट काढून पंखावर छोट्या उभ्या पट्ट्या चिकटवतात, वेग थोडा वाढतो. आमच्यातल्या एकाला ते करायचं होतं. मी नको म्हणालो आणि अजूनही म्हणतो. ज्या कारणासाठी हे विमान आहे, तेच काढून टाकायचं असेल तर दुसरं विमान घ्यावं.

वजनाचा हिशेब प्रत्येक वेळी करा. आमच्या कागदांवर मर्यादा ४५० किलोची. रिकामं विमान २७२. मी ७८, सर ७०. उरले तीस किलो, म्हणजे साधारण चाळीस लिटर पेट्रोल. तासाला पंधरा-सोळा लिटर धरले आणि राखीव बाजूला काढलं, तर दोन तासांचं उड्डाण. टाकीत जागा आहे म्हणून भरत जाऊ नका.

इंजिन रोटॅक्स ९१२, ऐंशी अश्वशक्तीचं, ऑस्ट्रियात बनणारं. चार सिलिंडर मिळून १२११ सीसी. सिलिंडर हवेने थंड होतात, वरचे हेड पाण्याने. तेल तपासण्याआधी स्विच बंद करून पुढचा पंखा (प्रॉपेलर) हाताने फिरवावा लागतो, टाकीतून ढेकर दिल्यासारखा आवाज येईपर्यंत. तोवर तेल टाकीत परत आलेलं नसतं आणि तेल मोजायच्या पट्टीवर खोटं माप दिसतं. खरा प्रश्न इंधनाचा. हे इंजिन साध्या पेट्रोलवर उत्तम चालतं, पण इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच चालतं, आणि आता आपल्या पंपांवर वीस टक्क्यांचं मिळतं. म्हणून आम्ही एव्हीगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल, वापरतो. हे पूर्वी परदेशातून यायचं. २०२२ पासून इंडियन ऑइल ते बनवते, आणि कुठे, तर आपल्या कोयलीच्या गुजरात रिफायनरीत. मला याचा फार आनंद वाटतो. मात्र त्यात शिसं असतं, आणि या इंजिनाचा गिअरबॉक्स इंजिनाच्याच तेलावर चालतो, म्हणून तेल शंभरऐवजी पन्नास तासांनी बदलायचं. पहिल्यांदा बदललं तेव्हा तेलातले लोखंडी कण धरणाऱ्या चुंबकाच्या प्लगवर राखाडी लगदा होता. तो बोटाने पुसून पाहिल्यापासून मी पन्नासचे पंचेचाळीस केले आहेत.

पावसाळ्यात विमान जवळजवळ दोन महिने उभं होतं. कुंभारीण माशीने वेग मोजायच्या नळीत मातीचं घर केलं. नळीवर टोपी होती तरी. आता दर उड्डाणाआधी नळी आणि टाकीचे हवेचे छिद्र टॉर्चने बघतो. पत्र्याला काही झालं नाही, एक रिव्हेट सैल नाही. पुढच्या चाकाला मात्र स्प्रिंग नाही, तिथे रबराचा जाड दोर आहे. वर कापडाचं वेष्टण असतं, आतलं रबर उन्हाने कडक होतं आणि बाहेरून कळत नाही. चाकाचा दांडा किती खाली बसतो हे रंगाची खूण करून मोजा. आमचा ऑगस्टमध्ये दोन बोटं जास्त बसला. ज्या विक्रेत्याकडून नवा मागवला त्याने कमी जाडीचा पाठवला, तोही जुन्या उत्पादन-तारखेचा, आणि तो परत करण्यात पाच आठवडे गेले.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. फेब्रुवारीत सरांनी तिला एक फेरी मारून आणली. उतरल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘अरे, शेतातली बाई मान वर करून बघत होती, तिचं तोंड दिसलं मला.’

गणपती उठले त्या दिवशी बरोबर मापाचा दोर आला. विमान सध्या नाकाखाली ठोकळा लावून उभं आहे. रविवारी दोर बसवायचा, मग टाकीतलं जुनं इंधन काढून नवं भरायचं, आणि चुन्याच्या रेघा पुन्हा मारायच्या, कारण पावसाने त्या धुऊन नेल्या.