गळक्या तळ्यासाठी १ मिमी ईपीडीएम लायनर: घ्यावा का, घातला तर कसा

बागेतल्या तळ्याचा लायनर (पाणी धरून ठेवायला तळाला अंथरलेली चादर) बदलायची वेळ आली असेल, तर १ मिमी जाडीचा ईपीडीएम रबराचा लायनर घ्या, असं आम्ही बिनदिक्कत सांगू. पीव्हीसी प्लास्टिकचा स्वस्त पडतो. पण काठाला, जिथे पाणी खालीवर होतं आणि ऊन थेट लागतं, तिथे त्याला मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर हळूहळू निघून जातो. मग तो कडक होतो आणि नेमका घडीवर तडकतो. एचडीपीई हे दुसरं प्लास्टिक, त्याचा लायनर टिकाऊ, पण ताठ. मोठ्या, सरळ उताराच्या तळ्याला तो चालतो. पायऱ्या आणि वळणं असलेल्या छोट्या तळ्यात कोपऱ्यात नीट बसत नाही. ईपीडीएम मऊ राहतो, भरपूर ताणतो, खालची माती थोडी खचली तरी तिच्याबरोबर खाली जातो. बरा बसवलेला लायनर वीस वर्षं सहज काढतो.

मात्र खरेदीआधी गळती लायनरचीच आहे ना, हे बघा. तळ्याचंच पाणी भरलेली बादली पायरीवर ठेवा, आत-बाहेर पातळीच्या खुणा करा, पंप बंद करा आणि २४ तास थांबा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर ते बाष्पीभवन. पंप चालू असतानाच पाणी कमी होत असेल तर दोष पाइपात, जोडात किंवा धबधब्याच्या कडेला आहे. पंप बंद असूनही तळं बादलीपेक्षा जास्त उतरत असेल, तर उतरू द्या (मासे असतील तर आधी हलवा); पातळी जिथे थांबेल त्याच उंचीवर भोक शोधायचं. संशयाच्या जागी दुधाचे दोन-चार थेंब सोडले की ते भोकाकडे ओढले जाताना दिसतात. भोक एकच आणि लायनर अजून मऊ असेल तर ठिगळ पुरतं. घड्यांवर जागोजागी भेगा दिसल्या की ठिगळांच्या मागे लागू नका.

माप: लांबी + खोलीची दुप्पट + काठासाठी ६० सेंमी. रुंदीचंही तसंच. ३ मी. × २ मी. आणि ६० सेंमी खोल तळ्याला ४.८ × ३.८ मी. तुकडा लागतो. पायऱ्यांसाठी वेगळं काही धरावं लागत नाही. खोली सर्वांत खोल जागेची घ्या. जुन्या लायनरच्या मापावर विसंबू नका, तो आक्रसलेला असू शकतो. या तुकड्याचं वजन २३ किलोच्या आसपास भरतं, म्हणून उचलायला दोघं हवीत. ०.७५ मिमीचा हलका पडतो, पण तो आम्ही उथळ, मासे नसलेल्या कुंडापुरताच सुचवू. छतासाठी विकला जाणारा ईपीडीएम मात्र घेऊ नका. माशांसाठी सुरक्षित असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

लायनर फाटतो तो बहुतेक वेळा खालून. जुना काढल्यावर तळावरून, उतारावरून उघडा तळहात फिरवा. हाताला टोचतं ते लायनरला टोचणारच. खडे, मुळं काढा, खड्डे बारीक वाळूने भरा. वाळू उभ्या भिंतीवर टिकत नाही, म्हणून तळापासून काठापर्यंत २०० ते ३०० जीएसएमचं (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचं) न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे जमिनीत घालायचं कृत्रिम धाग्यांचं जाड कापड, अंथरा. जुने गालिचे कुजतात आणि त्यांची जाडी निघून जाते. जवळ बांबू असेल तर जिओटेक्स्टाइलवर भिस्त ठेवू नका, त्याचे कोंब लायनर भोसकून वर येतात. मध्ये मुळं अडवणारा जाड पडदा जमिनीत गाडावा लागतो.

लायनर आधी तासभर उन्हात पसरून ठेवा, घड्या सैल पडतात. अंगावरची पांढरी पूड टाल्कची असते, धुऊन टाका. ओढत नेऊ नका, आणि तळ्यात अनवाणीच उतरा. कोपऱ्यात दहा बारीक चुण्यांपेक्षा एकच मोठी घडी घाला आणि सगळ्या घड्या एकाच दिशेला पाडा. पाणी १५ सेंमी चढलं की थांबून घड्या सारख्या करा, मग पुढे भरा. खाली पोकळी राहिली तर पाण्याचं वजन तिथे रबर ताणत राहतं.

उणिवाही आहेत. ईपीडीएमला साधं सिलिकॉन धरत नाही. ईपीडीएमचाच प्रायमर (टेप चिकटण्याआधी लावायचा द्रव) आणि टेप लागते, पृष्ठभाग पुसून पूर्ण कोरडा करावा लागतो, ठिगळ भोकाच्या चारही बाजूंना निदान ७ सेंमी पुढे जायला हवं आणि रोलरने दाबावं लागतं. पेट्रोल, डिझेल, ग्रीसने हे रबर फुगतं, त्यामुळे इंजिनचा पंप तळ्याच्या काठावर ठेवू नका. भूजल वर येणारी जागा असेल तर लायनर खालून फुगून वर येतो. तिथे आधी निचऱ्याची सोय हवी.

मासे हलवताना तळ्याचंच पाणी टबात घ्या, सावलीत ठेवा, वर जाळी आणि आत हवेचा पंप. फिल्टरचा स्पंज धुऊ नका, तोही त्याच पाण्यात हवेसकट ठेवा. वाळला की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि नव्या तळ्यात अमोनिया चढतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय मासे सोडू नका.

जास्तीची कड लगेच कापू नका. तळं भरून दोन दिवस बसू द्या, मग ३० सेंमी ठेवून कापा. ही कड आडवी मातीखाली गाडली तर माती आणि गवत पाणी शोषून बाहेर नेतात, आणि नवाकोरा लायनर गळतोय असं वाटतं. म्हणून काठाच्या दगडामागे तिचं टोक पाण्याच्या पातळीच्या वर उभं ठेवा आणि माती त्याच्या बाहेरच्या अंगाला भरा.