तुटलेला स्पार्क प्लग: जागेवर काढायचा, की हेड उतरवायचं?

प्लग बदलताना पाना फिरवला आणि प्लग तुटला, की गॅरेजमध्ये लगेच दोन मतं पडतात, ती हेडवरून. हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारं इंजिनाचं झाकण, प्लग त्यातच आवळलेला असतो. एक मिस्त्री म्हणतो, "इथंच काढून देतो, हेडला हात लावायची गरज नाही." दुसरा म्हणतो, "हेड उतरवा आणि लेथवाल्याकडे न्या." गाडीमालक बिचारा दोघांच्या तोंडाकडे बघत राहतो. माझं म्हणणं एवढंच, की हो म्हणण्याआधी भोकात नेमकं काय उरलंय ते स्वतः बघा. टॉर्च मारा. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मिळाला तर तो आत सोडा.

नुसती वरची पांढरी चिनी माती तुटली असेल आणि खालचा षटकोनी भाग शाबूत असेल, तर प्रश्न जवळजवळ सुटलेला आहे. तुकडे व्हॅक्यूमने ओढून घ्यायचे आणि गोटी (सॉकेट पाना) लावून प्लग नेहमीसारखा काढायचा. एवढ्यासाठी कुणी हेड उतरवायला सांगत असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

षटकोन तुटून हातात आला आणि आट्यांची पोकळ नळी हेडमध्येच राहिली, तर मात्र खरी निवड करावी लागते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि प्लगची बॉडी पोलादाची. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. वर्षानुवर्षं तापत-गार होत गेलेल्या आट्यांत खालून कार्बन भरतो, आणि त्यात प्लग आधीच जास्त आवळलेला असेल तर तो जाम होतो. प्रत्येक वेळी प्लगच हरेल असं नाही. जोर लावला तर हेडमधले मऊ आटेही सोलून बाहेर येतात.

जागेवर काढण्याचा मोठा फायदा म्हणजे टायमिंगचा बेल्ट किंवा चेन, कूलंट, हेडचं पॅकिंग, कशालाच हात लागत नाही. काम जमलं तर गाडी त्याच दिवशी घरी. पण जमणं बरंचसं हत्यारावर आहे. बहुतेक गॅरेजांत तुटलेले बोल्ट काढायचा जो इझी आउट असतो, तो निमुळता आणि उलट्या पिळाचा. भरीव बोल्टसाठी तो चांगला. प्लगची नळी पातळ आणि पोकळ असते, त्यामुळे निमुळता इझी आउट जसजसा आत जातो तसतसा तिला बाहेरच्या बाजूला फुगवतो आणि ती आट्यांत आणखी घट्ट बसते. इथे सरळ धारांचा, सगळीकडून सारखा धरणारा एक्स्ट्रॅक्टर हवा. मिस्त्रीला हत्यार दाखवायला सांगा. यात संकोच करू नका, पुढचा सगळा खर्च यावर ठरणार आहे.

त्याची पद्धतही बघून घ्या. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून ठेवलंय का? एक्स्ट्रॅक्टर घालण्याआधी त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री केलीय का? तसं केलं तर आत पडणारा कचरा पिस्टनच्या डोक्यावरच राहतो आणि बारीक नळीच्या व्हॅक्यूमने काढता येतो. एक्स्ट्रॅक्टरच्या धारांना ग्रीस लावलं की बराच चुरा तिथेच चिकटतो. फिरवायचं ते हाताने. थोडं सैल, थोडं मागे, पुन्हा तेल. इम्पॅक्ट गन हातात घेतलेली दिसली तर तिथेच थांबवा.

एक्स्ट्रॅक्टर एकदा निसटला किंवा पिळल्यासारखा वाटला, तर जागेवरचा प्रयत्न तिथेच संपला असं समजा. तो आत तुटला तर त्याचं पोलाद इतकं कडक असतं, की साध्या ड्रिलने त्याला भोक पडत नाही. मग स्पार्क इरोजनच्या, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशीनवर तो जाळून काढावा लागतो आणि त्यासाठी हेड उतरवावंच लागतं.

हेड उतरवणं महाग आहे. टायमिंग खोलावं लागतं, कूलंट काढावं लागतं, पॅकिंग नवं लागतं, काही इंजिनांत हेडचे बोल्टही नवेच घालावे लागतात. गाडी काही दिवस उभी राहते. पण या खर्चात खात्री मिळते. तुकडा आत पडला असेल तर तो समोर दिसतो, बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चरा पडलाय का ते कळतं, लेथवाला हेडची सपाटी तपासतो. एक लाखापुढे चाललेल्या गाडीत त्याच वेळी व्हॉल्व्हही बघून होतात.

आपल्या मराठवाड्यात या पर्यायाला एक सोय आहे. वाळूज आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत डाय-मोल्डची कामं करणाऱ्या टूलरूम आहेत, आटे पाडताना तुटलेले टॅप जाळून काढणं हे त्यांचं नेहमीचं काम. परभणी किंवा हिंगोलीच्या माणसाला अख्खी गाडी छत्रपती संभाजीनगरला न्यायची गरज नाही. सुटं हेड डिकीत टाकून नेता येतं.

गेवराईत प्लग तुटला म्हणून तीन सिलिंडरवर गाडी रेटत संभाजीनगर गाठायचा विचार मात्र करू नका. चिनी मातीचा तुकडा पिस्टन आणि व्हॉल्व्हच्या मध्ये आला तर नुकसान कैक पटींनी वाढतं. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. सेल्फ मारून बघणंसुद्धा टाळा. गाडी उचलून न्या.

मग कुणी काय निवडावं? जुन्या मारुती ८०० सारख्या गाडीत प्लग बाहेरून हाताला लागतो, तिथे मी आधी जागेवरच प्रयत्न करून घेईन. नव्या इंजिनांत प्लग कॉइलखाली खोल विहिरीत असतो, हात आणि नजर दोन्ही पोचत नाहीत. तिथे योग्य एक्स्ट्रॅक्टर आणि कॅमेरा असलेला मिस्त्री मिळाला तरच जागेवर, नाहीतर सरळ हेड. चिनी माती किंवा इलेक्ट्रोड आत पडल्याची शंका असेल आणि कॅमेऱ्यात तुकडा दिसूनही निघत नसेल, तर हेडशिवाय मार्ग नाही. भंगारातलं जुनं हेड बसवण्याचा सल्लाही मिळेल. तडा तपासून दिल्याशिवाय ते घेऊ नका.

नळी निघाली पण आटे गेले, तर पुन्हा दोन पर्याय येतात. हेलिकॉइल म्हणजे तारेची गुंडाळी, ती स्वस्त आणि सगळीकडे मिळते. पण प्लगबरोबर ती पुढच्या वेळी बाहेर येऊ शकते. भरीव बुश, म्हणजे आत-बाहेर आटे असलेली अखंड धातूची नळी, महाग, तरी प्लगसाठी मी बुशच सांगेन. तो जागेवर पक्का राहतो आणि उष्णताही नीट पुढे देतो.

उरलेल्या प्लगांना हात लावताना फोर्डच्या ५.४ लिटर ट्रायटन इंजिनाचा अनुभव कामाला येतो. अमेरिकेत २००४ ते २००८ च्या गाड्यांत त्याचे प्लग इतके तुटत, की कंपनीने काढण्याची पद्धतच लिहून दिली: इंजिन गार असताना प्लग एक अष्टमांश ते पाव फेरा सैल करा, कार्ब्युरेटर क्लीनर ओता, किमान १५ मिनिटं थांबा, मगच पुढे-मागे करत काढा. आपल्याकडे त्याआधी विहिरीतली धूळ हवा मारून उडवायला हवी. नवा प्लग बसवताना १४ मिलिमीटर आट्यांच्या, वॉशर असलेल्या प्लगला अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. टॉर्क पाना नसेल तर बोटांनी बसेपर्यंत फिरवून पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. आट्यांना ग्रीस चोपडू नका, त्याने प्लग नकळत जास्त आवळला जातो.