नऊ महिने, एक शिफ्ट लेन्स आणि वाढत जाणारं शहर : वापरानंतरचा अनुभव

नव्या उंच इमारतींचे फोटो मी बरीच वर्षं काढते आहे, आणि त्यातली बहुतेक वर्षं साध्या वाइड झूम लेन्सवर गेली. कॅमेरा वर उचलायचा, अख्खी इमारत बसवायची आणि मग तिच्या मागे कलंडलेल्या बाजू संगणकावर सरळ करायच्या. ते जमायचं, पण मनाला पटायचं नाही. सॉफ्टवेअर इमारत सरळ करतं म्हणजे तिचा वरचा भाग ताणतं. तळमजल्याचा दगड खणखणीत दिसतो आणि चाळिसाव्या मजल्याची खिडकी मऊ पडते. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण उरतात, ते कापले की बाजूची झाडं आणि शेजारची इमारत जाते. उंची-रुंदीचं प्रमाण तर अंदाजानेच बसवावं लागतं. कुणीतरी विचार करून ठरवलेल्या प्रमाणावर माझा अंदाज चालवायचा, हे मला सतत टोचायचं.

म्हणून २४ मिमीची टिल्ट-शिफ्ट लेन्स घेतली, म्हणजे कॅमेऱ्यावर बसवलेली असतानाच सरकवता (शिफ्ट) आणि तिरपी करता (टिल्ट) येणारी वाइड लेन्स. आता नऊ महिने झाले. आठवड्यातून दोन-तीनदा तरी ती बाहेर पडते, त्यामुळे थोडं अधिकाराने लिहू शकेन असं वाटतं.

तिचं काम समजायला सोपं आहे. कॅमेरा पूर्ण सपाट ठेवायचा, म्हणजे सेन्सर इमारतीच्या भिंतीला समांतर राहतो आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. मग कॅमेरा न हलवता फक्त लेन्स वर सरकवायची. माझ्या लेन्समध्ये ती दोन्ही बाजूंना १२ मिमी सरकते. नेहमीच्या ३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर याचा हिशेब असा होतो : फ्रेम आडवी असेल आणि शिफ्ट पूर्ण दिली, तर कॅमेऱ्याच्या पातळीच्या वर जितकं अंतर तितकीच उंची बसते. शंभर मीटर लांब उभं राहिलं की शंभर मीटर. शिफ्ट नसती तर पन्नासच बसली असती. फ्रेम उभी धरली तर अंतराच्या सव्वापट उंची मिळते, शिफ्टशिवाय पाऊणपट. हे ‘सव्वापट’ मी पहिल्याच महिन्यात पाठ केलं आणि आता कुठलाही टॉवर दिसला की आधी त्याच्यासमोर किती मोकळी जागा आहे ते बघते. दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे. तो या लेन्सने सरळ बसवायचा तर साधारण ६६० मीटर लांब जावं लागेल, आणि तेवढ्या अंतरात मध्ये काही आडवं येता कामा नये.

मला या लेन्सबद्दल सर्वांत जास्त सांगायचं आहे ते इथेच. कागदावर ती उभ्या रेषांची लेन्स आहे. प्रत्यक्षात तिची सगळी मागणी मोकळ्या अंतराची असते, आणि झपाट्याने वाढणाऱ्या शहरात सगळ्यात आधी संपतं ते मोकळं अंतर.

एका नव्या कार्यालयीन टॉवरचं उदाहरण देते. सुरुवातीला त्याच्यासमोर रिकामा भूखंड होता, पत्र्याचं कुंपण, आत गवत. कुंपणाच्या कोपऱ्यातून अंतर अगदी नेमकं मिळायचं. मी तिथे पाच-सहा वेळा गेले आणि प्रत्येक वेळी ‘आज आकाश बरं नाही’ म्हणून परत आले. तिसऱ्या महिन्यात तिथे तळघराचा खड्डा खणायला सुरुवात झाली. पाचव्या महिन्यात क्रेन उभी राहिली. आता तिथे स्लॅब पडताहेत आणि मला हवी होती ती फ्रेम पुन्हा कधीच मिळणार नाही. यातून मी एक सवय लावून घेतली आहे. जागा सापडली की त्याच दिवशी फोटो काढायचा, उजेड कसाही असो. चांगल्या उजेडाचा फोटो नंतर मिळाला तर उत्तमच, पण निदान एक फ्रेम हातात हवी.

दुसरी सवय म्हणजे उंचीवरच्या जागा शोधणं. इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांशावर, शक्य असेल तर निम्म्यावर उभं राहिलं की शिफ्ट कमी लागते आणि दर्शनी भागाची जडणघडण नीट उलगडते. बहुमजली पार्किंगचा वरचा मजला, उड्डाणपुलाचा पदपथ, समोरच्या इमारतीच्या जिन्याची खिडकी, अशा जागा मी वहीत टिपून ठेवते. परवानगी आधी मागावी. ट्रायपॉड दिसला की सुरक्षारक्षक येतोच, आणि आधी बोलून ठेवलं असेल तर तोच पुढच्या वेळी दार उघडून देतो.

आता एक इशारा, जो मला कुणी वेळेवर दिला असता तर बरं झालं असतं. पूर्ण सरळ केलेला फार उंच टॉवर बरा दिसत नाही. मान वर करून बघताना रेषा किंचित जवळ येणार, ही आपल्या डोळ्यांची अपेक्षा असते. ती पूर्ण पुसली की वरचे मजले खालच्यांपेक्षा रुंद वाटू लागतात, इमारत डोक्याकडे जड होते. पहिल्या दोन महिन्यांतले माझे बरेच फोटो या दोषाने वाया गेले. आता जवळून काढताना मी कॅमेरा एक-दोन अंश वर उचलते आणि उरलेलं काम शिफ्टवर सोपवते. दहा-बारा मजल्यांच्या इमारतीला याची गरज पडत नाही, तिथे रेषा काटेकोर सरळच शोभतात.

मुळात सगळ्या इमारती सरळ नसतातच, आणि तिथे या लेन्सवर माझा जीव जडला. बीजिंगमधल्या सीसीटीव्ही या चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीच्या मुख्यालयाचे दोन्ही टॉवर मुद्दाम ६ अंश कललेले आहेत. अबू धाबीचा कॅपिटल गेट तर १८ अंश झुकतो. बाकूमधल्या, झाहा हदीद यांनी रचलेल्या हैदर अलियेव केंद्रात भिंत कुठे संपते आणि छप्पर कुठे सुरू होतं हेच सांगता येत नाही. अशा इमारतीचा फोटो सॉफ्टवेअरच्या आपोआप दुरुस्तीला दिला की ते कललेल्या रेषेलाच चूक समजतं. माझ्या बाबतीत हेच घडलं होतं. तिरप्या खांबांवर तोललेल्या एका ग्रंथालयाचा फोटो मी एका क्लिकमध्ये ‘सरळ’ केला, आणि रचनेचा सगळा ताण, ज्यासाठी ती इमारत बघायला जायचं, तो नाहीसा झाला. मला ते कळायलाही आठवडा लागला. शिफ्ट लेन्सवर असं होत नाही. कॅमेऱ्याची पातळी खरी असली की जे उभं आहे ते उभं येतं आणि जे कललेलं आहे ते नेमकं तेवढंच कललेलं येतं. त्याच ग्रंथालयाचा नवा फोटो बघताना त्या खांबांखालून चालल्यासारखं वाटतं.

काचेबद्दल थोडं, कारण नव्या इमारती म्हणजे बहुतेक काचच. पोलरायझर, म्हणजे चमक अडवणारा फिल्टर, लेन्सवर लावला की प्रतिबिंब कापता येतं, हे खरं, पण सरसकट नाही. काचेकडे तिरपं बघत असू तेव्हाच ते चांगलं कापलं जातं, समोरून फारसा फरक पडत नाही. वाइड फ्रेममध्ये आकाशही एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं होतं. शिवाय टफन केलेल्या, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचेत उष्णतेच्या प्रक्रियेतून राहिलेले ताण पोलरायझरमधून ठिपक्यांसारखे, कधी इंद्रधनुषी पट्ट्यांसारखे दिसतात. पहिल्यांदा दिसले तेव्हा मला लेन्सच खराब आहे असं वाटलं होतं. आता मी पोलरायझर क्वचित लावते. मला प्रतिबिंबं आवडू लागली आहेत. एका टॉवरची काच दुपारच्या उन्हाचा झोत समोरच्या सावलीतल्या भिंतीवर फेकते, आणि ती भिंत वीस-पंचवीस मिनिटं अशा उजेडात न्हाते जो तिला स्वतःच्या दिशेमुळे कधीच मिळाला नसता. असा उसना उजेड दाटीने उभ्या राहिलेल्या काचेच्या शहरातच मिळतो. कुठल्या वेळी कुठे पडतो ते मी टिपून ठेवते, कारण सूर्याबरोबर तो महिन्यागणिक सरकतो, आणि मध्ये नवी इमारत आली की संपतो.

संध्याकाळी, आकाश निळं असताना आणि दिवे लागलेले असताना, दोन्हींचा उजेड जुळतो तो वेळ फार थोडा, साधारण पंधरा-वीस मिनिटं. नव्या टॉवरची अडचण अशी की तो बांधून पूर्ण असला तरी आत माणसं आलेली नसतात. लॉबी झगझगीत आणि वर अंधार. अशाच एका निवासी टॉवरचा मी दर महिन्याला एकाच जागेवरून, एकाच शिफ्टवर फोटो काढते आहे. पहिल्या फोटोत सात खिडक्या उजळलेल्या आहेत. मागच्या महिन्यात मी मोजायचं सोडलं. एका बाल्कनीत वाळत घातलेले कपडे आहेत, एकीत कुंड्या. नऊ महिन्यांत काढलेल्या सगळ्या फोटोंमधले मला सर्वांत जवळचे हेच आहेत.

आता खटकणाऱ्या गोष्टी. फोकस हातानेच करावा लागतो, या प्रकारच्या लेन्स तशाच असतात. स्थिर इमारतीला त्याचं काही वाटत नाही, पण फ्रेममध्ये माणूस हवा असेल तर आधी फोकस लावून वाट बघत बसावं लागतं. पूर्ण शिफ्टवर वरचे कोपरे काळवंडतात आणि मऊ होतात. लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११ इतकं लहान केलं की ते बरंच सुधारतं, पण मग उजेड कमी आणि एक्स्पोजर लांब, म्हणून ट्रायपॉड हवाच. ज्यांच्याकडे आरशाचा जुना डीएसएलआर आहे त्यांनी शिफ्ट देण्याआधी एक्स्पोजर ठरवून घ्यावं, नंतरचं मोजमाप चुकतं.

माझी खरी तक्रार शिफ्टच्या कुलपाबद्दल आहे. स्क्रू बारीक आहे, आणि नीट आवळला नाही तर लेन्स स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली घसरते. लांब एक्स्पोजर चालू असताना ती घसरली आणि एका संध्याकाळचे फोटो गेले, तो वेळ परत आला नाही. टिल्टच्या कुलपानेही एकदा दगा दिला. बॅगेतून काढताना लेन्स एखाद्या अंशाने कलली होती, मला पडद्यावर ते दिसलं नाही, आणि दर्शनी भागाची डावी बाजू सगळ्या फ्रेममध्ये धूसर आली. आता बाहेर पडताना आणि जागेवर पोचल्यावर, दोन्ही वेळा शून्याची खूण बोटाने चाचपते. टिल्ट मी जवळजवळ वापरतच नाही. त्याने फ्रेमचा फक्त एक पट्टा स्पष्ट ठेवून बाकीचं धूसर करता येतं आणि शहर खेळण्यातलं दिसतं, तशी माझी इच्छा नाही.

घ्यावी का? ज्यांना कधीमधी एखादी इमारत काढायची आहे त्यांनी घेऊ नये, चांगल्या सेन्सरवर थोडी मोकळी फ्रेम घेऊन सॉफ्टवेअरने भागतं. अख्खी इमारत दाखवणं हेच ज्यांचं काम नाही, त्यांनीही थांबावं. छायाचित्रकार लुसियाँ एर्वे यांनी १९४९ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथली वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांची निवासी इमारत बांधली जात असताना एका दिवसात ६५० फोटो काढले, आणि पुढे त्यांचं चंडीगडही टिपलं. एर्वे आपले प्रिंट कात्रीने निर्दयपणे कापायचे. एक कोपरा, एक सावली, भिंतीची एक कड, बस. ते फोटो बघितल्यापासून मीही ८५ मिमीची, दूरचं जवळ आणणारी लेन्स सोबत ठेवते, आणि तिने काढलेले तुकडे कित्येकदा पूर्ण इमारतीपेक्षा जास्त सांगतात.

पण पूर्ण इमारत, तिच्या खऱ्या प्रमाणात, तिच्या आजूबाजूच्या क्रेन, पत्रे आणि माणसांसकट हवी असेल, तर मी हीच लेन्स पुन्हा घेईन. त्या निवासी टॉवरच्या समोर मागच्या आठवड्यात पायलिंगचं, म्हणजे पायाचे खांब जमिनीत उतरवण्याचं, यंत्र येऊन उभं राहिलं आहे. माझी जागा सध्या तरी शाबूत आहे. दहाव्या महिन्याचा फोटो मी येत्या शनिवारी काढते आहे, ढग असले तरी.