मेटोलाझोन २.५: सूज उतरवते, पण रिपोर्टचा खर्च धरूनच चला

४ स्टार देतोय. एक कापला तो गोळी वाईट म्हणून नाही, तिच्यापायी रक्त सारखं तपासावं लागतं म्हणून.

बाबांचं हार्ट फेल्युअर जुनं, लघवी वाढवणारी टॉर्सेमाइड चालूच होती, डोस वाढवून पण पायाची सूज उतरेना, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा आणि रात्री उशा रचून बसल्या बसल्या झोपायचे. मग डॉक्टरांनी ती बंद न करता जोडीला ही लिहून दिली. लॅसिक्स काय टॉर्सेमाइड काय, लघवीच्या या गोळ्या किडनीच्या नळीत एका ठिकाणी मीठ परत शोषू देत नाहीत, पण महिनोन्महिने घेतल्या की नळीचा पुढचा भाग तगडा होतो आणि सुटलेलं मीठ तोच ओढून घेतो. मेटोलाझोन नेमकी तिथे आडवी येते.

असर जबरदस्त आहे. लघवीला नुसती पळापळ, वजन काट्यावर रोज उतरताना दिसत होतं. आणि हिचं काम लॅसिक्ससारखं पाच-सहा तासांत आटपत नाही, दिवसभर चालतं, त्यामुळे सकाळीच द्या नाहीतर रात्रीची झोप गेली. टॉर्सेमाइडच्या अर्धा तास आधी द्यायची पद्धत आहे, पण आमचे डॉक्टर म्हणाले दोन्ही एकाच वेळी घेतल्या तरी फार बिघडत नाही.

आता तो कापलेला स्टार. पाण्याबरोबर सोडियम पोटॅशियम पण जातं. बाबांच्या पोटऱ्या वळायला लागल्या, बोलणं जरा असंबद्ध वाटलं, रिपोर्टमध्ये सोडियम १२९, म्हणजे कमी, लगेच रोजची गोळी आठवड्यातून दोनदावर आणली. क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीच्या आकड्यावर, पण लक्ष ठेवावं लागतं. स्पेनमध्ये २३० पेशंटवर क्लोरोटिक नावाचा ट्रायल झाला, त्यात गोळी हिच्याच जातकुळीतली हायड्रोक्लोरोथायझाइड होती, शिरेतून दिलेल्या लॅसिक्सच्या जोडीला. तीन दिवसांत वजन जास्त उतरलं, पण किडनीचे आकडे पण जास्त जणांचे बिघडले, आणि मृत्यूत काही फरक नाही. म्हणजे आमच्याकडे जे झालं ते काही जगावेगळं नाही.

शेजारच्या काकूंनी पाय सुजतात म्हणून नाव विचारलं, सांगितलं नाही, तपासण्यांशिवाय घ्यायची गोळी नाही ही, रागावल्या तर रागावू देत. आणि लोणचं-पापडाचं मीठ चालू ठेवून ही गोळी देणार असाल तर पैसे वाचवा.

मेडिकलवाल्याकडे कधी असते कधी नसते, पाकीट संपायच्या आधीच सांगून ठेवा.