न्यूरॉनचं मॉडेल निवडताना: हॉजकिन-हक्सली, एलआयएफ की इझिकेविच?

मेंदूचं सिम्युलेशन लिहायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, एकेक न्यूरॉन किती तपशिलात मांडायचा? समोर बहुतेक वेळा तीन मॉडेलं असतात: हॉजकिन-हक्सली, लीकी इंटिग्रेट-अँड-फायर म्हणजे एलआयएफ, आणि इझिकेविच. ‘जितकं वास्तवाजवळ तितकं उत्तम’ या हिशोबानं निवड केली, तर काम हमखास अडतं. उत्तर कोणत्या प्रश्नाचं हवंय, ते आधी पक्कं करा.

तिघांनाही पकडायची असते ती घटना एकच. विश्रांतीत न्यूरॉनच्या आतलं व्होल्टेज बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतं. संदेश आले की ते वर सरकतं. उणे ५५ च्या आसपास सोडियम चॅनेल, म्हणजे पेशीच्या पडद्यातले सोडियमचे मार्ग, झपाट्यानं उघडतात, सोडियम आत शिरतं, व्होल्टेज आणखी चढतं आणि त्यामुळे आणखी चॅनेल उघडतात. लगेच हेच चॅनेल निष्क्रिय होतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि व्होल्टेज खाली येतं. ही झाली स्पाइक.

हॉजकिन-हक्सली (१९५२)

स्क्विडच्या महाकाय अक्षतंतूवरच्या मोजमापांतून हे मॉडेल आलं. चार समीकरणं: एक व्होल्टेजचं, तीन चॅनेलच्या दारांची. औषधानं निम्मे सोडियम चॅनेल बंद पडले तर काय होईल, असा प्रश्न असेल तर तिघांपैकी हेच घ्यावं लागेल. सोडियमची कमाल वाहकता १२० वरून ६० मिलिसीमेन्स प्रति चौरस सेंटिमीटर करायची आणि बघायचं. बाहेरून दिलेला विद्युतप्रवाह फार वाढवला की सोडियम चॅनेल निष्क्रियच राहतात आणि न्यूरॉन गप्प होतो, हेही इथे आपोआप दिसतं.

चुका मात्र ठरलेल्या जागी होतात. आजच्या रूढ मांडणीत उणे ४० आणि उणे ५५ मिलिव्होल्टला चॅनेलची दारं उघडण्याच्या दरांची दोन सूत्रं शून्य भागिले शून्य होतात. तिथे मर्यादा-मूल्य, म्हणजे अनुक्रमे १ आणि ०.१, हातानं घालावं लागतं. १९५२ च्या मूळ लेखात व्होल्टेज विश्रांतीपासून आणि उलट्या चिन्हानं मोजलंय, त्यामुळे तिथले आकडे आजच्या समीकरणांत तसेच टाकले की सगळं बिघडतं. स्पाइकच्या शिखरावर वाहकता इतकी वाढते की साधी ऑयलर पद्धत (समीकरणं छोट्या कालपावलांनी पुढे नेणारी) ०.१ मिलिसेकंदाच्या पावलावर उधळते. ०.०१ घ्या. शिवाय मूळ दर ६.३ अंश सेल्सियसचे आहेत. दर १० अंशांना तिप्पट धरलं तर ३७ अंशांवर ते सुमारे २९ पट होतात आणि स्पाइकची उंचीच कोसळते. सस्तन प्राण्यांच्या पेशी हव्या असतील तर त्यांचे स्वतःचे चॅनेल-दर वापरा.

एलआयएफ

याचं मूळ फ्रेंच शास्त्रज्ञ लापिकच्या १९०७ च्या कामात आहे. इथे स्पाइकला आकार नसतो: व्होल्टेज उंबरठ्याला टेकलं की स्पाइकची नोंद करायची आणि व्होल्टेज परत खाली आणायचं. मोठा फायदा असा की उत्तर कागदावर तपासता येतं. प्रतिरोध १०० मेगाओहम आणि धारकता २०० पिकोफॅरड धरली, तर कालांक, म्हणजे व्होल्टेज किती वेगानं बदलतं ते ठरवणारा काळ, २० मिलिसेकंद. विश्रांतीचं आणि रीसेटचं (स्पाइकनंतरचं) व्होल्टेज दोन्ही उणे ७०, उंबरठा उणे ५० मिलिव्होल्ट, म्हणजे ०.२ नॅनोअँपिअरपेक्षा कमी प्रवाहावर स्पाइक येणारच नाही. ०.३ नॅनोअँपिअर दिला तर उंबरठा गाठायला २० गुणिले ३ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे सुमारे २२ मिलिसेकंद लागतात. त्यात स्पाइकनंतर न्यूरॉन गप्प राहतो तो २ मिलिसेकंदांचा विश्रामकाळ मिळवला की सेकंदाला साधारण ४२ स्पाइक. तुमचा कोड हा आकडा देत नसेल, तर नेटवर्क बांधायला जाऊच नका.

उणीव ही की प्रवाह कितीही वाढवा, हा न्यूरॉन थकत नाही. त्याला थांबवतो तो फक्त विश्रामकाळ.

इझिकेविच (२००३)

दोन समीकरणं, चार स्थिरांक: ए, बी, सी, डी. ०.०२, ०.२, उणे ६५ आणि ८ घेतले की नियमित स्पाइक देणारी उत्तेजक पेशी मिळते. सी उणे ५० आणि डी २ केला की झुपक्यांनी स्पाइक येतात. प्रश्न स्पाइकच्या लयींचा असेल तर हे उत्तम. पण या स्थिरांकांमागे कुठलाही चॅनेल नाही, म्हणून औषधाचा परिणाम इथे विचारता येत नाही. आणि पाऊल १ मिलिसेकंद ठेवलं तर व्होल्टेज स्पाइक नोंदवायच्या ३० मिलिव्होल्टच्या मर्यादेच्या फार पुढे उडी मारतं, स्पाइकची वेळ सरकते.

खर्चाचं काय?

इझिकेविच या संशोधकाच्याच २००४ च्या तुलनेत १ मिलिसेकंदाच्या सिम्युलेशनला एलआयएफसाठी ५, त्याच्या मॉडेलसाठी १३ आणि हॉजकिन-हक्सलीसाठी १२०० गणिती क्रिया धरल्यात. पाऊल बारीक केलं की १३ चा आकडा त्याच पटीत वाढतो. तरीही ५ की १३ यावर फार वाद घालू नये. पोत्यान्स आणि डीसमन यांच्या २०१४ च्या कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाह्यस्तराच्या) मॉडेलमध्ये सुमारे ७७ हजार एलआयएफ न्यूरॉन आणि ३० कोटींच्या आसपास सिनॅप्स (न्यूरॉनमधले जोड) आहेत. एवढ्या जाळ्यात मेमरी आणि वेळ खातात ते सिनॅप्स.

मॉडेल कुठलंही घ्या, पाऊल निम्मं करून पुन्हा चालवा. एकट्या न्यूरॉनच्या स्पाइकच्या वेळा जवळपास जुळायला हव्यात. केऑटिक नेटवर्कमध्ये त्या जुळणार नाहीत, कारण सूक्ष्म फरकही तिथे झपाट्यानं वाढतो. तिथे सरासरी दर आणि स्पाइकमधल्या अंतरांचं वितरण पडताळा.