रेंडरडॉक : राणी कलर जांभळा कुठे झाला ते दाखवणारं टूल

येवल्याच्या एका पैठणीवाल्या काकांसाठी मी व्हल्कनमध्ये (ग्राफिक्स कार्डाला आज्ञा द्यायची एक प्रोग्रॅमिंग पद्धत) छोटासा थ्रीडी व्ह्यूअर लिहितोय. साडी फिरवायची, पदर उलगडून बघायचा, बस. पहिलाच डेमो बघून काका म्हणाले, "अहो, ही राणी कलरची ना? जांभळी कशी झाली?" पदरावरचे पोपट मात्र होते तसेच हिरवेगार.

खरं तर तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण मी दोन दिवस शेडरच्या (पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) ओळी एकेक करून बंद करत बसलो, मॉनिटरवरही संशय घेऊन झाला. मग रेंडरडॉक डाउनलोड केलं : चित्र पडद्यावर येईपर्यंत प्रोग्रॅममध्ये काय काय झालं ते दाखवणारं टूल. फुकट आहे, एमआयटी लायसन्स, म्हणजे ओपन सोर्स. बाल्डर कार्लसनने क्रायटेक या गेम कंपनीत असताना सुरू केलेलं.

आपला प्रोग्रॅम त्यातूनच चालू करायचा आणि एफ१२ दाबायचं. ती अख्खी फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) पकडली जाते, सगळ्या ड्रॉ कॉलसकट (एकेक वस्तू काढायच्या आज्ञा). मी साडीच्या ड्रॉवर क्लिक करून इनपुट टेक्श्चर (वस्तूवर चढवलेलं चित्र, इथे साडीचा फोटो) उघडलं, तर साडी तिथेच जांभळी! म्हणजे शेडर बिचारा निर्दोष. फोटो ओपनसीव्ही या इमेज लायब्ररीने वाचला होता आणि ते निळा-हिरवा-लाल अशा क्रमाने देतं; मी मात्र फॉरमॅट लाल-हिरवा-निळा सांगितला होता. हिरवा दोन्हीकडे मधोमध, म्हणून पोपट वाचले. एका ओळीत क्रम बदलला आणि राणी परत आली.

आली, पण विटलेली. "चार वेळा धुतल्यासारखी दिसतेय," इति काका.

या वेळी शहाणपणा करून साडीशेजारी राखाडी पट्टी ठेवली : लाल, हिरवा, निळा तिन्ही १२८ (२५५ पैकी), लाइटिंग बंद. स्क्रीनशॉटमध्ये ती १८७ निघाली. रेंडरडॉकमध्ये पिक्सेलवर राइट क्लिक केलं की खाली आकडे येतात, ० ते १ मध्ये. इनपुटला ०.२१६, आउटपुटला ०.४९८. एसआरजीबीमध्ये (फोटो साठवायची नेहमीची पद्धत) आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात; असं टेक्श्चर वाचताना जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) ते सरळ करतो आणि १२८ चे ०.२१६ होतात, हे बरोबरच. स्वॉपचेनही (पडद्यावर जाणारी चित्रं) एसआरजीबी, त्यामुळे लिहिताना जीपीयू त्याचे परत १२८ करतो. मग मध्येच ०.४९८ कुठून आले? डीबग बटण दाबून शेडर एकेक ओळ पुढे नेला तर शेवटी १/२.२ चा पॉवर. जुन्या प्रोजेक्टमधून कॉपी मारताना आलेली ओळ! गॅमा, म्हणजे पडद्यासाठी आकडे उजळ करायची ही दुरुस्ती, दोनदा लागत होता. ओळ उडवली, पट्टी १२८ वर आली.

हे एकेक ओळ पुढे जाणं म्हणजे या टूलचा जीव आहे. फक्त शेडर कंपाइल करताना डीबग माहिती ठेवा (glslc या शेडर कंपायलरला -g द्या), नाहीतर आपल्या कोडऐवजी स्पिर-व्हीच्या (कंपाइल झालेला, मशीनसाठीचा कोड) ओळी वाचत बसावं लागतं. टेक्श्चर व्ह्यूअरमधल्या गॅमाच्या बटणाकडेही लक्ष असू द्या. माझ्याकडून ते चुकून चालू राहिलं आणि साध्या युनॉर्म (एसआरजीबी नसलेल्या) टेक्श्चरचं चित्र उगाच उजळ दिसायला लागलं. अर्धा तास नसलेला बग शोधत होतो.

मॅकवाल्यांसाठी हे नाही. विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालतं. इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलमधले जीएलबिगिनवाले जुने ओपनजीएल (व्हल्कनच्या आधीची पद्धत) प्रोग्रॅमही यात चालणार नाहीत, ३.२ कोअर किंवा त्यापुढचंच ओपनजीएल लागतं. भाच्याला हे सांगितलं तर त्याचा चेहरा पडला.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा त्या गॅमाच्या बटणासाठी कापला, चूक माझी असली तरी.

काकांनी परवा डेमो स्वतःच्या फोनवर उघडला. म्हणाले, "आता जरा जास्तच भडक वाटतेय." स्क्रीनशॉट मागवून पट्टी तपासली : १२८. मग त्यांना फोनच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन 'व्हिव्हिड' बंद करायला सांगितलं.